पाच सुरे, पाच चौकोन

"सुरा म्हणजे काय, हे या घरात फक्त मला कळतं!"

असं चष्मेवाल्यांनी एका रविवारी सकाळी जाहीर केलं, तेव्हा त्यांची बायको कांदा चिरत होती. तिने एकदा हातातल्या सुरीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कांदा चिरायला लागली. चष्मेवाल्यांचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं आणि तो परवाना कपाटामागे पडला होता. त्यामुळे सगळी गल्ली त्यांना चष्मेवाले म्हणायची, आणि आपणही तेच म्हणू.

झालं होतं असं. चष्मेवाल्यांचे सासरे जंगलखात्यातून निवृत्त झालेले. सत्तरी उलटली तरी वर्षातून एकदा तीन दिवस जंगलात जाऊन राहायचा त्यांचा शिरस्ता होता. तंबू नाही, शेगडी नाही. फांद्या तोडून निवारा करायचा, चकमक झाडून विस्तव पेटवायचा. सोबत न्यायचे एकच माणूस. पंधरा वर्षांत त्यांनी चष्मेवाल्यांना एकदाही विचारलं नव्हतं. भेटले की "काय, दुकान ठीक?" एवढंच म्हणायचे आणि उत्तर यायच्या आत खिडकीबाहेर बघायला लागायचे. चष्मेवाल्यांना ते फार लागायचं. पंधरा वर्षं लागत होतं.

गेल्या वर्षी मान मिळाला साडूंना. साडूंनी नेला पाठीवर करवतीचे दात असलेला आणि मुठीत होकायंत्र बसवलेला एक भयंकर सुरा. पहिलंच लाकूड फोडताना मूठ हातात राहिली आणि पातं झुडपात गेलं. होकायंत्र शाबूत होतं, पण ते फक्त उत्तर दिशा दाखवत होतं, पातं नव्हे! साडूंचं नाव कायमचं कटलं.

आणि यंदा फोन आला तो चष्मेवाल्यांना!

"जावईबापू, तीन महिन्यांनी निघू. सुरा आपापला आणायचा, आणि एकच. ज्याला एक सुरा धड निवडता येत नाही, त्याला मी जंगलात नेत नाही."

फोन ठेवल्यावर चष्मेवाल्यांना भरून आलं. त्यांनी दोन मिनिटं चुकीच्या गिऱ्हाइकाच्या नाकावर चुकीची फ्रेम बसवली, इतकं भरून आलं.

मग अभ्यास सुरू झाला. चष्मेवाल्यांनी मुलाखती पाहिल्या, परीक्षणं वाचली, वही घातली. घडीचा चाकू चालत नाही, बिजागरी दगा देते, हे पहिल्या आठवड्यात कळलं. पातं मुठीच्या टोकापर्यंत एकसंध गेलेलं हवं, नाहीतर साडू होतो, हे दुसऱ्या आठवड्यात. लांबी चार इंच. पाठ काटकोनी हवी, म्हणजे चकमकीवर ठिणगी पडते. इथवर ठीक होतं. पण कार्बन स्टीलला धार पटकन लागते आणि ते गंजतं, तर स्टेनलेस गंजत नाही पण धार लावताना जीव काढतं, इथे येऊन गाडी अडली. चष्मेवाल्यांनी कार्बनचा सुरा मागवला. तो घरी आला. बायकोने खोका उघडला.

"अहो, हे काय?"

"सुरा. जंगलासाठी."

"एक आला तेवढा पुरे. या घरात दुसरा सुरा आला, तर तो आणि तुम्ही दोघांनी दुकानात झोपायचं!"

म्हणून पुढचे चार दुकानात आले.

कारण पहिला तीन दिवसांत गंजला. दुसऱ्याची मूठ गुळगुळीत, ओल्या हातातून सटकायची. तिसरा बरा वाटला, पण एका परीक्षणात त्याच्या म्यानाला नावं ठेवली होती, म्हणून चौथा. चौथा इतका जाड की त्याने फांदी तासता येईना, म्हणून पाचवा. आणि प्रत्येक सुऱ्याची धार तपासायची कशी, तर या क्षेत्रातले सगळे जाणकार तपासतात तशी. हातावर पाणी न लावता पातं फिरवायचं. केस साफ निघाले तर धार चांगली. चष्मेवाले मूळचे नेमके. भिंगं घासून घासून त्यांचा हात बसलेला. त्यांनी प्रत्येक सुऱ्यासाठी डाव्या हातावर एक टपाल तिकिटाएवढा चौकोन नेमून दिला. पाच सुरे, पाच चौकोन, मधे सारखं अंतर.

जंगलात जायला आठ दिवस राहिले होते आणि चष्मेवाले बाह्या सरसावून भांडी विसळत होते.

"अहो! हाताला काय झालं?"

"कुठे काय?"

"केस कुठे गेले?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण खरं सांगायचं म्हणजे पाच सुऱ्यांची कबुली. बायको दुकानात झोपवणार आणि सासरे म्हणणार, या माणसाला एक सुरा निवडता येत नाही. चष्मेवाल्यांची जीभ आपोआप वळली.

"गळले असतील."

"चौकोनी?"

"वयोमानाने."

बायकोने दहा मिनिटांत वडिलांना फोन लावला. "बाबा, ह्यांचे केस चौकोनी गळतायत हो!" मग सासरेबुवा म्हणाले, "आजारी माणसाला मी जंगलात नेत नाही. डॉक्टरांनी ठणठणीत आहे असं लिहून दिलं तरच शनिवारी निघू."

चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खोटं बोलून जंगल वाचवायला गेले होते, आणि जंगलच हातचं जायला लागलं होतं!

दुसऱ्या दिवशी नवराबायको त्वचेच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसले. डॉक्टरीणबाईंनी दिवा लावला, भिंग घेतलं, एकेक चौकोन पाहिला.

"हे गळलेले नाहीत. कापलेत. मुळाशी, एका पातळीत. कड काय सुंदर आहे!"

"हो ना?" चष्मेवाले खूश होऊन म्हणाले. "तिसऱ्याची बघा!"

बायकोने त्यांच्याकडे सावकाश मान वळवली.

"कोणी कापले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

चष्मेवाल्यांनी बाही खाली ओढली. शेवटी डॉक्टरीणबाईच समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "हे पहा, मनावर फार ताण आला की काही माणसं नकळत स्वतःचे केस काढतात. त्यांना आठवतही नाही. झोपेत वगैरे झालं असेल का?"

बुडत्याला ओंडका दिसावा तसं झालं. "झोपेत!" चष्मेवाले ओरडले. "झोपेतच असणार!"

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहिली. पण ठणठणीत असल्याची नव्हे. मनाच्या डॉक्टरांकडे जा, अशी! आणि खाली दोन रेघा ओढून लिहिलं की तोवर पेशंटच्या हाताशी धारदार वस्तू ठेवू नयेत.

घरी येताच बायकोने सुऱ्या, कात्र्या, किसणी, नेलकटर आणि दाढीचं सामान एका पिशवीत भरलं आणि पिशवी शेजारणीकडे दिली. पहिला सुराही त्यात गेला. दोन दिवस घरात भाजी हाताने मोडून होत होती. बायको दर थोड्या वेळाने येऊन विचारायची, "काही हवंय का? मनात काही येतंय का?" तिचे डोळे सुजले होते. ते पाहून चष्मेवाल्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं सांगून टाकायचंच, असं त्यांनी ठरवलं.

पण दुपारी दुकानाचं दार ढकलून तीन माणसं आत आली. पुढे सासरेबुवा, मागे बायको, आणि सर्वांत मागे दाराची मूठ न सोडता उभे साडू.

"घाबरू नका, जावईबापू," सासरेबुवा म्हणाले. "दुकानातल्या टोकदार वस्तू तेवढ्या उचलतो."

"बाबा, मला जरा सांगायचंय."

"काही सांगू नका. शांत बसा."

बायकोने त्यांना डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं आणि खांद्यावर हात ठेवला. साडू एकेक ड्रॉवर उघडत सुटले. पेचकस, पकडी, काचा कापायची हत्यारं, सगळं पिशवीत जात होतं. दर ड्रॉवरला साडू खुर्चीकडे एक नजर टाकत आणि अर्धा पाय दाराकडे ठेवत.

"तो नको!" चष्मेवाले ओरडले.

तोवर 'मोडक्या काड्या' असं लिहिलेला ड्रॉवर उघडला होता. वर चष्म्याच्या मोडक्या काड्या होत्या. खाली, भिंगं पुसायच्या मऊ फडक्यांत गुंडाळलेले, चार सुरे!

साडू एका उडीत रस्त्यावर पोचले.

"चार!" बायको किंचाळली. "आणि पहिला धरून पाच!"

"पाच," चष्मेवाले म्हणाले, आणि एका दमात सगळं ओकले. गंज, मूठ, म्यान, जाडी, चौकोन, झोप, सगळं. साडू काचेला नाक लावून बाहेरून ऐकत होते.

बायकोने विचारलं, "म्हणजे तुमच्या डोक्यावर परिणाम झालेला नाही?"

"नाही."

"तुम्ही नुसते मूर्ख आहात?"

"हो."

"अगं बाई, सुटले!" असं म्हणून ती मटकन स्टुलावर बसली आणि हसता हसता रडायला लागली. तिचा जीव भांड्यात पडला होता. चष्मेवाल्यांचा मात्र अजून टांगलेलाच होता, कारण सासरेबुवा हसत नव्हते.

"पाच सुरे! तीन महिन्यांत!" ते म्हणाले. "हा बघा माझा. एकच. चाळीस वर्षं!" त्यांनी कमरेच्या म्यानातून आपला सुरा काढला, बाही वर केली आणि हातावर पातं फिरवलं. केस जागच्या जागी राहिले. पुन्हा फिरवलं. लाल ओरखडा उठला.

"आज हवा दमट आहे," सासरेबुवा म्हणाले.

चष्मेवाले हवेकडे बघत नव्हते. ते बघत होते सासऱ्यांच्या हाताकडे. सासऱ्यांनी पातं हात पुरेल तितकं लांब धरलं होतं, तरी डोळे बारीक केले होते, आणि अंगठ्याला दोन चिकटपट्ट्या होत्या. हातातलं औषधाचं पाकीट असं लांब धरणारी दहा माणसं चष्मेवाल्यांच्या दुकानात रोज यायची. हे बोललं तर शनिवार गेलाच. चाळीस वर्षांच्या सुऱ्याला नाव ठेवणारा जावई कोणाला हवाय? पण त्या अंगठ्याकडे बघून त्यांना गप्प बसवेना.

ते खुर्चीतून उठले. "बाबा, तुम्ही बसा इथे."

"मला काय धाड भरलीय?"

"दोन मिनिटं."

का कोण जाणे, सासरेबुवा बसले. चष्मेवाल्यांनी तपासायची जड फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवली, पेटीतून भिंगं काढून आत सरकवली. "आता?" "तसंच." "आता?" "तसंच म्हणतो ना!" "आणि आता?"

सासरेबुवा आपल्या सुऱ्याकडे बघत होते. धारेला जागोजाग दाते पडले होते, पार मुठीपर्यंत.

"हे कधी झालं?" ते हळूच म्हणाले.

त्यांनी मान वर केली. मुलीकडे पाहिलं. "तुझे केस पिकले गं." काचेबाहेर पाहिलं. "आणि हे सुटले की चांगलेच!" साडूंनी पोट आत घेतलं. मग सासरेबुवांनी चष्मेवाल्यांचा डावा हात धरला, जवळ ओढला आणि चौकोन न्याहाळायला लागले. पहिला, दुसरा... तिसऱ्याशी थांबले.

"हा कुठल्या सुऱ्याचा?"

"तो तिसरा, बाबा. स्टेनलेस. म्यान जरा..."

"म्यान चुलीत घाला. काय कड आहे! आणा इकडे."

चष्मेवाल्यांनी तिसरा सुरा त्यांच्या हातात दिला. सासरेबुवांनी पाठ पाहिली, मूठ आवळली, पातं उजेडात धरलं. या वेळी हात लांब केला नाही.

चष्मेवाल्यांनी धीर करून विचारलं, "मग शनिवारचं...?"

"शनिवारी सहाला निघायचं. उशीर करू नका."

"आणि मी सुरा कुठला आणू? पाचवाही तसा वाईट नाही. त्याची पाठ..."

"तुम्ही सुरा कशाला आणताय?" तिसरा सुरा आपल्या कमरेला खोचत सासरेबुवा म्हणाले. "तुम्ही चष्मा आणा. दोन आणा. जंगलात एक हरवणारच."

चष्मेवाल्यांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की काउंटरवरचा आरसा धुरकटला. खरं सांगायचं तर त्या पाचही सुऱ्यांची त्यांना मनातून भीतीच वाटायची. चष्मे म्हणजे काय, ते तर झोपेतही बनवतील! त्यांनी आनंदाने वही ओढली, कानामागची पेन्सिल काढली आणि सासऱ्यांचा नंबर लिहायला घेतला.

बायकोने झडप घालून पेन्सिल काढून घेतली.

"फार टोकदार आहे," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातात खडू दिला.