आधी मुलीचं, मग माझं

त्या दिवशी सकाळी मी एक साधा बेत केला. आधी मुलीचं सगळं उरकायचं, मग निवांत बसून आपण खायचं. (मुलगी दहा महिन्यांची. आता तुम्हीच सांगा, तिचं उरकतं का कधी?) तोवर पोटाला आधार म्हणून चहा घेत गेले. चौथा कप कधी झाला, कळलंच नाही.

अकराच्या सुमाराला लंगोट वाळत घालायला हात वर केले, तर दोरीच गोल फिरायला लागली. हातपाय लटलटायला लागले. छातीत तर अशी धडधड, की शेजारीण येऊन विचारेल, "काय गं, काय कुटतेस?" भिंत धरून मी खाली बसले. मनात आलं, संपलं सगळं! आणि लगेच, मुलीचं कसं होणार माझ्या?

आमच्या ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान खालीच आहे. मी ओरडले, "अहो, वर या! मी चालले!"

"कुठे?" जिन्यातून आवाज आला.

(अशा माणसाच्या हाती लेकरू सोपवायचं होतं मला.)

ह्यांनी माझी नाडी धरली नि हातातल्या घड्याळात बघत मोजली. "एकशे ऐंशी!"

मी डोळे मिटून घेतले.

"थांब थांब. हे गिऱ्हाइकाचं घड्याळ. फार हळू चालतं, म्हणून तर दुरुस्तीला आलंय."

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. मुलगी ह्यांच्या कडेवर, मी ह्यांच्या दंडाला धरून. वाटेत मी सगळं सांगून टाकलं. "केळं नीट कुस्करून द्या, गाठ राहू देऊ नका. झोपताना तिला थोपटा. आणि दुसरी केलीत, तर तिला म्हणावं..."

"अगं, आधी पुढची पायरी बघ!"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सकाळपासून काय काय खाल्लं?"

मी पिशवीतून वही काढली. मी सगळं टिपून ठेवते. (सातवीपर्यंतच शिकले, पण अक्षर सुरेख आहे.) "साडेसातला पाऊण केळं. नऊला बटाटा, चार चमचे. त्यातला एक थुंकला."

बाईंनी मान वर केली. "थुंकला?"

"मी नाही, हिनं!"

"ताई, मी तुमचं विचारतेय."

मी पान उलटलं, पालटलं. माझं काही लिहिलेलंच नव्हतं. लिहिणार काय, खाल्लंच नव्हतं. "नुसता चहा, चार कप. आणि रात्री हिच्यापायी जागरण," मी कबूल केलं.

बाईंनी बोटातून थेंबभर रक्त काढलं, ब्लडप्रेशर पाहिलं, छाती तपासली. "साखर जरा उतरलीय. उपाशी पोट, अपुरी झोप, वर चार चहा. त्यात घाबरलात की धडधड आणखी वाढते. अंगात रक्त कमी असलं, थायरॉइड बिघडला, तरी असं होतं, म्हणून तेही तपासू. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर थांबू नका, लगेच या. आता घरी जा, जेवा आणि झोपा."

"आणि मुलगी?"

"तिला बाप आहे ना?"

मी त्या बापाकडे बघितलं. तो मुलीच्या मुठीतून बाईंचं पेन सोडवत होता आणि मुलगी जिंकत होती.

घरी येऊन पोटभर जेवले, अंग टाकलं. एक कान दाराकडेच. आत्ता रडेल, मग रडेल, माझ्यावाचून तिला कुठलं करमायला!

जागी झाले ती तीन तासांनी. घर चिडीचूप. पुन्हा छातीत धडधड! धावतच बाहेर आले.

हे जमिनीवर मांडी घालून बसलेले, मुलगी समोर. चमचा जवळ आला की ती आपण होऊन तोंड उघडत होती. कपड्यांवर एक डाग नाही.

मला भरून आलं. मी दोघांच्या मध्ये वाकून हात पसरले. "आले गं माझे बाई, आई आली!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग आपला चिमुकला तळवा माझ्या गालावर ठेवला, आणि जोर लावून माझं तोंड बाजूला सारलं. मी चमच्याच्या आड आले होते.