अकरा नंबरचं स्थळ

आमच्या शेजारचे महाजनभाऊ रोज सकाळी कॉम्प्युटरला तोंडाने नकार देतात. मशीन सुरू झालं की पडद्यावर सूचना येते, तुमची सिस्टम जुनी झाली, नवी घ्या. भाऊ चष्मा नाकावर आणून ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, 'आज नई जमनार, पुढं पाहू' असं शांतपणे सांगतात आणि मगच माऊसने ती बंद करतात. दारात आलेल्या विमा एजंटालाही ते याच आवाजात परत पाठवतात. एकदा मी म्हटलं, भाऊ, त्याला ऐकू येत नाही. ते म्हणाले, "नसन येत. पन आपन काई न बोलता दार लावावं का?"

भाऊ सरकारी कचेरीतून बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून म्हणून निवृत्त झाले. आमच्या गावच्या लालबाग भागातल्या गल्लीत कुणालाही अर्ज करायचा असला की तो भाऊंच्या घरी टाइप होतो. नळाला पाणी नाही, रेशनकार्डात नाव चुकलं, दाखला हरवला. भाऊ माणसाला आधी बसवतात, पाणी देतात आणि विचारतात, "नरम लिहू का गरम?" नरम अर्जात 'सविनय निवेदन' दोनदा येतं, गरम अर्जात एकदाच. मी शाळेत शिकवते आणि माझे सगळे अर्ज नरम असतात, म्हणून माझ्यावर त्यांचा जरा जास्त लोभ आहे.

तर भाऊंच्या मशीनवर दहा नंबरची सिस्टम आहे आणि तिच्या डोक्यावरचा हात कंपनीने काढून घेतलाय. आता अकरा नंबर घ्यायची की नाही, हा प्रश्न. दुसऱ्या कुणी तो एका बटणात मिटवला असता. भाऊंनी चौकशी सुरू केली, आणि तीही घरात सून आणायची असावी तशी. ज्यांच्याकडे अकरा नंबर आली आहे, त्यांच्या घरी ते वही घेऊन जात. सकाळी उठायला किती वेळ लावते? जुन्या प्रिंटरशी तिचं पटतं का? न विचारता घरातल्या वस्तू इकडच्या तिकडे करते का? जवळच्याच शाहपूरला त्यांचा मावसभाऊ केळीचा व्यापार करतो. त्याच्याकडे ते खास स्कूटर काढून गेले, जेवले, तासभर नुसते तिला पाहत बसले आणि येताना केळीची फणी घेऊन आले. वहीत एवढंच लिहिलं होतं, 'दिसायला बरी. स्वभाव कळला नाही.'

माझीही साक्ष झाली. मी सांगितलं, पहिले पंधरा दिवस चिडचिड होते, मग सवय होते. भाऊंनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, हे तर कोणत्याही लग्नात होतं.

मी मुळात उतावळी. कुणी असं महिनोन्‌महिने घोळ घालत बसलं की माझे हात शिवशिवतात. एक दिवस मी त्यांना धरून बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. तो कामातून मान वर न करता म्हणाला, "अंकल, नया डलवा लो. फिर बिगड़ने का नाम नहीं लेगा." मला वाटलं, झालं काम. पण भाऊंचा चेहरा पडला. बिलकूलच बिघडत नाही का, असं त्यांनी त्याला दोनदा विचारलं. त्यानंतर वही पिशवीतून बाहेर निघाली नाही.

त्याचं कारण मला पुढच्या शनिवारी कळलं. शाळा सुटल्यावर मी रजेचा अर्ज छापून घ्यायला गेले. भाऊ म्हणाले, प्रिंटर बंद पडलाय, उद्या पल्लवी पाहील. पल्लवी त्यांची एकुलती मुलगी, बंगळूरला नोकरी करते. काकू गेल्यापासून भाऊ इथे एकटे आणि ती तिथे एकटी. मशीन बिघडलं की रविवारी ती तिथूनच इंटरनेटवरून आत शिरते आणि दुरुस्त करून देते. मी सहज टेबलामागे डोकावले, तर प्रिंटरची वायर काढून, गुंडाळून, वर रबर लावून ठेवलेली. वायर एकवेळ आपोआप निघेल, पण स्वतःला रबर लावून घेणार नाही. मी भाऊंकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते.

मला मग एकेक रविवार आठवला. कधी अक्षरं मोठी झालेली, कधी आवाज गेलेला, कधी घड्याळ मागे पडलेलं. इतका टापटिपीचा माणूस, आणि त्याचं मशीन नेमकं शनिवारी बिघडायचं. त्याला मी न बिघडणारं घ्या म्हणून मागे लागले होते. माझी मलाच लाज वाटली.

रविवारी सकाळी पुन्हा गेले, तेव्हा पल्लवी फोनवर होती, स्पीकर चालू. पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता आणि भाऊ मांडीवर हात ठेवून त्याच्याकडे पाहत होते. "आली पाहा," ते मला हळूच म्हणाले. बाण कोपऱ्यात गेला की त्यांची मान तिकडे, वर गेला की वर.

पल्लवी म्हणत होती, पप्पा, आज मी अकरा नंबर टाकतेच, जुनं आता धोक्याचं आहे, सगळ्या गल्लीचे कागद त्यात आहेत. भाऊंनी एकेक कारण पुढे केलं. हात बसलाय. प्रिंटर रुसेल. शाहपूरला अजून एकदा विचारतो. बाण थांबला.

"पप्पा, प्रिंटर बंद नाहीये. तुम्ही वायर काढलीये. मागच्या महिन्यात पण काढली होती. मला इथून दिसतं ना."

भाऊ टेबलावरचे कागद सरळ करत राहिले. ते आधीच सरळ होते. तसंच करता करता त्यांनी विचारलं, "मंग तू सांगतलं काहून नई?"

"सांगितलं असतं, तर रविवारी मी काय केलं असतं?"

मी उगाच पदर सारखा करत बसले. भाऊंनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"कर चालू," ते म्हणाले. "पन रविवारी फोन करत जाय. बिघडो का नई बिघडो."

पल्लवी म्हणाली, आता तासभर पडदा बंद राहील, मी आत दिसणार नाही, तुम्ही फोन ठेवू नका. पडदा काळा झाला, बाण गेला. भाऊ फोन दोन्ही हातांत धरून त्या काळ्या पडद्याकडेच पाहत तिला विचारत होते, सकाळी काही खाल्लं का, काय खाल्लं. माझा अर्ज मागायला मी थांबले नाही.