पाळी नियमित करण्याबाबत

रंगाच्या कारखान्यातल्या केमिस्टबाईंनी सकाळी सातच्या सुमारास फोनवरून दोन निरोप पाठवले आणि दोन्ही चुकीच्या माणसांना पाठवले. दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत रंगाचा दाटपणा मोजणाऱ्या बाईंकडून एरवी असं होत नसे. पण सलग तिसऱ्या आठवड्याची रात्रपाळी नुकतीच संपली होती आणि डोळे उघडे ठेवणं हेच एक काम होऊन बसलं होतं.

पहिला निरोप डॉक्टरीणबाईंसाठी होता. केमिस्टबाईंना पीसीओएस असल्याचं कळून दोन वर्षं झाली होती. आधीच्या तीन डॉक्टरांनी ‘वजन कमी करा’ एवढं सांगून बोळवण केली होती. त्यातल्या दोघांनी वजनकाट्यावर उभंही केलं नव्हतं. या चौथ्या म्हणे ऐकून घ्यायच्या. पण दोनदा मिळालेली वेळ ऐनवेळी बदललेल्या पाळीने घालवली होती. आता मंगळवारी अकराची वेळ होती. तीही हुकली, तर नाव यादीच्या तळाशी, म्हणजे चार महिने गेलेच. दवाखान्याने तक्रार आधी लिहून मागवली होती. बाईंनी लिहिलं: ‘पाळी अजिबात नियमित नाही. चार महिन्यांत फक्त दोनदा आली. कृपया काहीतरी करावे.’

हा निरोप गेला कारखान्याच्या पाळीप्रमुखांना.

त्यांच्यासाठी लिहिलेला मजकूर असा होता: ‘सलग तीन आठवडे पाळी चालू आहे. अंगात त्राण उरलेलं नाही. मंगळवारी तरी सुटका व्हावी.’ तो दवाखान्यात पोचला.

पाळीप्रमुख म्हणजे हजेरीचं रजिस्टर दोन रंगांच्या पेनांनी लिहिणारा माणूस. त्यांनी बाईंना फाटकावरूनच परत बोलावून घेतलं.

“मॅडम, चार महिन्यांत फक्त दोनदा?” त्यांनी रजिस्टर फिरवून पुढे सरकवलं. “मी तीन वेळा मोजलंय. अठ्ठ्याण्णव होतात. मग उरलेल्या शहाण्णव पाळ्या काय माझ्या बायकोने केल्या?”

बाईंनी फोन पाहिला. सारवासारव कशी करता येईल, याचा त्यांनी क्षणभर विचार केला. पण खरं सांगणं सगळ्यात थोडक्यात होणार होतं.

“सर, ती कारखान्यातली पाळी नाही. माझी आहे. डॉक्टरांना कळवायची होती.”

पाळीप्रमुखांनी रजिस्टर मिटलं. मग ड्रॉवर उघडला, आत काहीच न शोधता बंद केला. त्यांच्या कानांवर जी छटा चढली, तिला बाईंच्या शेडकार्डात नाव आणि क्रमांक दोन्ही होती.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. तिथल्या बाईंचा आवाज खणखणीत होता. केबिनभर ऐकू गेला.

“अहो, तीन आठवडे थांबलीच नाही आणि तुम्ही मंगळवारची वाट कसली बघताय? आत्ताच्या आत्ता निघा.”

“जा मॅडम,” पाळीप्रमुख भिंतीकडे बघत म्हणाले. “तुम्ही जाच.”

दवाखान्यात खुर्चीत टेकण्याआधीच बाईंनी चूक कबूल केली आणि मंगळवारी यायची तयारी दाखवली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही निरोप एकापाठोपाठ एक वाचले, चष्मा काढून पुसला आणि आता आलाच आहात तर बसा म्हणाल्या. मग हनुवटीवरच्या केसांपासून जेवणाच्या वेळांपर्यंत सगळं विचारलं. कोणीतरी आपलं बोलणं लिहून घेतंय, हे बाईंना इतकं नवीन होतं की त्या मध्येच थांबून पेनाकडे बघत राहिल्या. रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफीची तारीख मिळाली, औषध सुरू झालं. दर थोड्या आठवड्यांनी कामाची वेळ अशी उलटीपालटी होत राहिली, तर झोपेची आणि जेवणाची घडी बसायची नाही, असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी कारखान्याच्या नावे दोन ओळींचं पत्रही दिलं.

दुसऱ्या दिवशी पाळीप्रमुखांनी ते पाकीट हात लांब धरूनच उघडलं. आत लिहिलं होतं: ‘यांची पाळी नियमित होणे प्रकृतीच्या दृष्टीने आवश्यक आहे. कृपया तशी व्यवस्था करावी.’

कानांनी पुन्हा रंग घेतला. त्यांनी पत्राची घडी घातली आणि ते पट्टीने हळूच बाईंच्या बाजूला ढकललं.

“मॅडम, यात मी काय करणार? हे डॉक्टरांनीच बघायला हवं.”

“नाही सर,” केमिस्टबाई म्हणाल्या. “ही तुमच्याकडची.”

पाळीप्रमुखांनी रजिस्टर ओढलं आणि मान वर न करता पुढच्या सहा महिन्यांसाठी दिवसपाळी लिहून टाकली.