उलटं ऐकणारा ट्रेलर

टेम्पोवाला पुन्हा उशिरा आला, तेव्हा हेडक्लार्कसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आता आपण स्वतःचा ट्रेलरच घेऊ, असं जाहीर केलं. एवढंच झालं होतं. (मोठमोठी संकटं अशी चहाच्या कपाशेजारीच जन्माला येतात, पण त्या वेळी ती ओळखू येत नाहीत.)

घरात ट्रेलरची गरज होती ती त्यांच्या बायकोला. साऱ्या गल्लीच्या त्या वहिनी. समारंभांना खुर्च्या भाड्याने देण्याचा त्यांचा धंदा. तो त्यांनी शून्यातून उभा केला होता आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम एकाच सभागृहाचं होतं. त्या सभागृहात गेल्या खेपेला टेम्पोवाल्याच्या कृपेने पाहुणे आधी पोचले आणि खुर्च्या नंतर. तासभर भाषणं सगळ्यांनी उभ्याने ऐकली. वक्ते खूश होते, कारण कुणी झोपलं नाही. मॅनेजर मात्र खूश नव्हता.

"वहिनी, ही शेवटची संधी," तो म्हणाला. "पुढच्या कार्यक्रमाला पाहुण्यांच्या आधी खुर्च्या लागल्या नाहीत, तर मी दुसरा माणूस बघतो."

वहिनींनी कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल गोल काढला. साहेबांच्या पोटात मात्र उत्साह मावेना. हेडक्लार्क म्हणजे नियमाने चालणारा माणूस. ऑफिसात टाचण्यांचा डबा घ्यायचा तरी तो उघडून चार टाचण्या टोचून बघणार. जुन्या ट्रेलरची खरेदी म्हणजे त्यांना पर्वणीच वाटली. गॅरेजवाल्याच्या अंगणात त्यांनी टायरच्या खाचांत नख घालून पाहिलं, चॅसीवर हातोडी ठोकून कान लावला, चाकं उचलून गरागरा फिरवली आणि शेवटी टॉर्च घेऊन उताणे होऊन खाली शिरले. खाली त्यांना काय दिसलं ते त्यांनाच माहीत. बाहेर आले तेव्हा शर्टाला ग्रीस होतं आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

"साहेब, सगळं बघितलंत," गॅरेजवाला म्हणाला, "आता गाडीला जोडून एकदा पुढंमागं चालवून बघा."

"पुढे चालवतो. मागे कशाला? जी वस्तू पुढे जाते ती मागे येणारच."

"ट्रेलरचं तसं नसतं, साहेब."

"अहो, मी काय आज गाडी चालवतोय?"

गॅरेजवाल्याने पावती फाडली. गिऱ्हाईक खुशीत असलं की त्याला शिकवायला जाऊ नये, एवढं त्याला कळत होतं.

ट्रेलर वाजतगाजत घरी आला. (वाजत होता तो मागचा फाळका, पण ते असो.) फाटकातून आत घ्यायचा म्हणून साहेबांनी गाडी रिव्हर्सला टाकली, मान वळवली, स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि ट्रेलर तडक उजवीकडे निघाला. साहेबांनी आणखी डावीकडे फिरवलं, तर तो आणखी उजवीकडे गेला आणि शेजारच्या काकांच्या कुंड्यांत जाऊन बसला.

"हे मुद्दाम केलंत का?" काकांनी शांतपणे विचारलं.

"छे हो, ट्रेलरमध्ये दोष आहे," साहेब म्हणाले. ते त्यांना मनापासून वाटत होतं.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी दोष शोधून काढला. डावीकडे सांगितलं की ट्रेलर उजवीकडे जातो, याचा अर्थ उघड होता. कुणीतरी डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसवलं होतं. मग जॅक आला, पाना आला, साहेबांनी घाम गाळत दोन्ही चाकांची अदलाबदल केली आणि पुन्हा रिव्हर्स टाकला. काकांची उरलेली कुंडी गेली.

"अहो, मी एकदा बघू का?" वहिनींनी विचारलं. लायसन्स त्यांच्याकडेही होतं, पण घरात साहेब असताना स्टिअरिंगला हात लावायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"अगं, हे मशिनरीचं काम आहे. तू तुझ्या खुर्च्या पूस."

दुसऱ्या दिवशी साहेब तक्रार घेऊन गॅरेजवाल्याकडे गेले.

"तुमचा ट्रेलर उलटं ऐकतो."

"साहेब, मागं घेताना सगळेच ट्रेलर उलटं ऐकतात."

"सगळ्यांत दोष असला म्हणजे तो दोष नाही, असं होत नाही. तुम्ही हा बदलून द्या."

"दुसरा दिला तरी तो उलटंच ऐकणार. जरा सवय करा, जमेल."

साहेबांना हा खुलासा पटला नाही. सवय माणसाने वस्तूची करायची की वस्तूने माणसाची, असा मुद्दा त्यांनी काढला. पण गॅरेजवाला तोवर दुसऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरला होता.

तेव्हापासून साहेबांनी मागे जाणंच सोडून दिलं. फक्त पुढे जाता येईल असे रस्ते ते निवडू लागले. कोपऱ्यावरच्या दुकानातून ग्रीस आणायचं तर ट्रेलरसकट अर्ध्या गावाला वळसा घालून यायचे. घरी आल्यावर हूक सोडून ट्रेलर हाताने ढकलत फाटकातून आत न्यायचे. काकाही आपणहून ढकलायला येत. नव्या कुंड्या आणल्या होत्या त्यांनी.

"रोज ढकलताय कशाला?" वहिनी विचारत.

"ढकलावा लागतो. त्याने बेअरिंग मोकळी राहतात. मेंटेनन्स असतो तो," साहेब धापा टाकत सांगत.

आणि कार्यक्रमाचा दिवस उजाडला. साहेबांनी टायरमधली हवा तपासली, हुकाला ग्रीस लावलं, खुर्च्यांच्या थप्प्या दोरीने करकचून बांधल्या आणि चांगले वेळेआधी निघाले. वाटेत एकदाही मागे यावं लागलं नाही. वहिनींच्या जिवात जीव आला. साहेब तर शीळ घालत होते.

सभागृहाच्या फाटकासमोर पाइप टाकायला रस्ता खणून ठेवलेला होता. वॉचमनने त्यांना बाजूच्या बोळाकडे वळवलं.

"साहेब, बोळातून मागच्या दाराशी लावा. आत वळायला जागा नाही, तेव्हा रिव्हर्समध्येच घ्या."

शीळ बंद झाली.

"दुसरं दार नाही का?" साहेबांनी विचारलं.

"आहे ना. पण ते दुसऱ्या मजल्यावर आहे."

साहेबांनी देवाचं नाव घेतलं आणि रिव्हर्स टाकला. ट्रेलर भिंतीकडे गेला. पुढे घेऊन पुन्हा मागे घेतला, तर समोरच्या भिंतीकडे गेला. आपल्याकडे कुणी गाडी मागे घेऊ लागला की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस त्याचा गुरू होतो. वॉचमन "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होता, एक भाजीवाला "काटा मारा, पूर्ण फिरवा स्टिअरिंग" म्हणत होता आणि ज्याला काहीच सुचत नव्हतं तो बॉनेटवर थापा मारत होता. साहेबांनी सगळ्यांचं ऐकलं. परिणामी ट्रेलर बोळात आडवा झाला, गाडी त्याच्याशी काटकोनात उभी राहिली आणि मागे पाहुण्यांच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या.

मॅनेजर बाहेर आला. त्याने ट्रेलरकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग वहिनींकडे पाहिलं. इतक्या वर्षांची मेहनत या बोळात आडवी पडलेली वहिनींना दिसत होती आणि त्यांना रडू यायचंच काय ते बाकी होतं.

त्या खाली उतरल्या आणि साहेबांच्या खिडकीशी आल्या.

"अहो, तुम्ही बसा आतच. मागे जाऊन काय अडलंय ते बघत बसू नका. उन्हात उगाच त्रास होईल."

"बघत बसू नका म्हणजे? बघितल्याशिवाय कळणार कसं?" साहेब तावातावाने उतरले आणि मागे जाऊन चाकाशी वाकले.

ते सरळ होईपर्यंत वहिनी स्टिअरिंगवर होत्या. त्यांनी गाडी थोडी पुढे घेऊन ट्रेलर सरळ केला. मग अगदी हळू, स्टिअरिंगला नुसता बोटांचा इशारा करत, मागे घ्यायला सुरुवात केली. ट्रेलर गुमान बोळात शिरला आणि मागच्या दाराशी नेमका जाऊन थांबला. हॉर्न बंद झाले. भाजीवाल्याने आपण सांगितलं तसंच केलं म्हणून मान डोलावली.

"वहिनी, कुठं शिकलात हे?" मॅनेजरने थक्क होऊन विचारलं.

"शिकायचंय काय त्यात," वहिनी दार लावत म्हणाल्या. "यांच्याबरोबर इतकी वर्षं संसार केलाय. उजवीकडे न्यायचं असेल तर डावीकडे चला म्हणायचं. आणि घाई करायची नाही, म्हणजे आपसूक जागेवर येतात."

मॅनेजर मोठ्याने हसला. पुढच्या वर्षीचं कामही तुमच्याकडेच ठेवतो म्हणाला, पण खुर्च्या तेवढ्या आत्ता लागू द्या. पाहुणे दाराशी आले होते.

"हे काय भलतंच सांगतेस लोकांना?" साहेब लाल होऊन म्हणाले. "मी काय असा आहे?"

"नाही हो, गंमत केली," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही आता सावलीत बसा बघू. एवढ्या खुर्च्या उतरवायच्या म्हणजे जड काम आहे, या वयात तुम्हाला नाही झेपायचं. वॉचमनभाऊ आणि मी करतो काय ते."

पाहुणे आत यायच्या आधी सभागृहातल्या सगळ्या खुर्च्या ओळीत लागल्या होत्या. त्यातल्या एकीवर वहिनी चहा पीत बसल्या होत्या आणि दुसरीवर वॉचमन. साहेब तेवढे घामाने निथळत शेवटची थप्पी खांद्यावर घेऊन येत होते, आणि मोठ्या ऐटीत येत होते. बायको सांगेल तसं वागणाऱ्यांतले ते नव्हतेच मुळी.