जुहेबचा तपास आणि साबिराभाभीचा क्लच

जुहेब स्वतःची ओळख करून द्यायच्या आधी जरा थांबायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला सावरून बसायला वेळ मिळावा. मग खर्जातला आवाज लावून सांगायचा, "गुन्हेगाराची झोप उडवणारा, पुराव्याच्या वासावर जगणारा, अख्ख्या रोह्यातला एकमेव खाजगी गुप्तहेर. नाव जुहेब. कुणाला सांगू नका." मग त्याच नावाचं कार्ड तो समोरच्याच्या हातात ठेवायचा. कार्डावर वर 'अत्यंत गुप्त' असं छापलेलं होतं आणि अशी पाचशे कार्डं त्याने एसटी स्टँडवर वाटली होती.

वीस वर्षं त्याने धाटावला एका कंपनीच्या गेटवर कामगारांचे डबे तपासले होते, आणि माणूस ओळखायची नजर आपल्याला तिथेच मिळाली असं त्याचं म्हणणं. तोपर्यंत त्याने सोडवलेली केस एकच, एका लग्नात हरवलेल्या चपलांची. त्या त्याच्याच पायात सापडल्या. पण सापडल्या की नाही?

त्याच्या सहायकाची जागा त्याची भाभी साबिरा सांभाळायची. तिने त्या जागेसाठी अर्ज केला नव्हता. तिचा नवरा मुसा सतरा वर्षं कुवेतला होता, त्यामुळे घरात पुरुषमाणूस म्हणून हा धाकटा दीर, आणि दीर म्हटल्यावर त्याचा तपासही आलाच.

तर आता केस. मुसाची जुनी गाडी अंगणात उभी होती आणि साबिरा त्या गाडीवर गेले पाच महिने चालवायला शिकत होती. मंगळवारी अकरा वाजता पेणला आरटीओत तिची परीक्षा होती. बुधवारी शिकाऊ लायसन संपत होतं. आणि गुरुवारी दुपारी मुसा मुंबईला विमानातून उतरणार होता.

दर खेपेला काय व्हायचं? जुहेब आणि आणखी चार भाऊबंद जीप करून त्याला आणायला जायचे. बायका घरी बिर्याणीला. मुसा तिकडच्या सगळ्या गमती वाटेत त्या पाच जणांना सांगून टाकायचा आणि दारात पोचायचा तो जांभया देत. साबिराच्या वाट्याला यायची फक्त धुवायच्या कपड्यांची बॅग. यंदा तिला नवऱ्याला स्वतः आणायचं होतं, एकटीने. मुंबई ते रोहा, मधे कुणी नाही. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला लाजही वाटत होती, पन्नाशी उलटलेल्या बाईने असलं काय मनात धरायचं!

आणि नेमका आठवड्यापूर्वी क्लच घसरायला लागला. पोपट मेकॅनिक भाचीच्या लग्नाला गागोद्याला गेलेला. जुहेबला तेच हवं होतं. मोबाइलवर चार व्हिडिओ बघून त्याने जाहीर केलं की मेकॅनिकला गाडी देणं म्हणजे चोराच्या हातात किल्ली देणं, क्लच आपण घरीच बदलायचा. पेणहून नवी प्लेट आणली. कुवेतचं जाड वाघाच्या चित्राचं ब्लँकेट घडी करून गाडीत पायाखाली अंथरलं, म्हणजे तेलाचे डाग पडायला नकोत. मग तो चार दिवस गाडीखाली होता. अधूनमधून फक्त पाय आणि हुकूम बाहेर यायचे.

सोमवारी सकाळी गाडी जॅकवरून खाली उतरली. साबिराने क्लच दाबला आणि गियर टाकायला गेली, तर करकर करकर. इंजिन बंद असलं की गियर लोण्यासारखा पडायचा, चालू केलं की घेत नव्हता. एकदा पहिला गियर जबरदस्तीने पडला, तेव्हा क्लच दाबलेला असूनही गाडी चार हात पुढे गेली आणि तुळशीच्या रोपांची कुंडी फोडून थांबली. ती कुंडी शेजारच्या हिरामणची.

जुहेबने बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले.

"भाभी, हवा."

साबिराने आतून हातपंखा आणून त्याला वारा घातला.

"ही हवा नाय. पायपात हवा हाय. हा क्लच तेलाच्या दाबावर चालतो. तेलात हवा शिरली की दाब पडत नाय."

मग सुरू झालं. साबिरा आत बसून पेडल दाबणार, तो खाली एक बारीकसा स्क्रू सोडून हवा काढणार. दाब म्हटलं की दाबायचं, धर म्हटलं की धरायचं, सोड म्हटलं की सोडायचं. दुपारपर्यंत तिचा डावा पाय दुसऱ्या कुणाचा तरी वाटायला लागला. हवा सगळी निघाली, तेल अर्धं निघालं, करकर होती तिथेच.

दुसरी उपपत्ती चहानंतर आली. या यंत्रात म्हणे दोन सिलिंडर असतात, वरचा मालक, खालचा गुलाम. मालक हुकूम सोडतो आणि गुलामाने तो पाळायचा. "इथं गुलामाने बंड केलंय," जुहेब म्हणाला. साबिराने पोटऱ्या चोळत सांगितलं की अजून केलेलं नाय, पण फार लांब नाय.

तिसरी उपपत्ती संध्याकाळी एका नटाच्या रूपाने सापडली. गाडीखाली तो एकटाच पडला होता. जुहेबने तो रुमालात बांधला, रुमालावर 'पुरावा क्रमांक एक' लिहिलं आणि प्लेट उलटी बसली असणार, पुन्हा सगळं खोलावं लागणार, अजून चार दिवस, असं सांगितलं. साबिराने कॅलेंडरकडे पाहिलं. चार दिवसांनी परीक्षेचं काय करायचं? तिने रुमाल सोडला आणि नट ओळखला. तो तिच्या कुकरच्या दांड्याचा होता, गेल्या रमजानपासून हरवलेला.

"म्हणजे चोर घरातला हाय," जुहेब म्हणाला आणि डायरी काढून त्याने संशयितांची यादी केली. पोपट, कारण त्याचं गिऱ्हाईक तुटलं. हिरामण, कारण त्याची कुंडी. पेणचा दुकानदार, कारण तो निघताना हसला होता. शेवटी लिहिलं होतं, 'साबिरा. वागणं संशयास्पद. सारखी कॅलेंडर बघते.' तिने ते वाचलं आणि आत जाऊन भांडी इतक्या जोरात घासली की जुहेबने ते नाव खोडलं.

मंगळवारी सकाळी सात वाजता साबिरा गाडीत नुसतीच बसली होती. पायात मुसाने पाठवलेले जाड तळाचे बूट. मनातल्या मनात तिने बिर्याणीला लागणाऱ्या तांदळाचा हिशेबही सुरू केला होता, म्हणजे तिने हारच मानली होती. एवढ्यात इंदुबाई आली. इंदुबाई सुकी मासळी विकायला यायची, पण तरणेपण तिचं वडखळकडच्या मिठागरात गेलेलं. पाटी उतरवून तिने विचारलं, गो साबिराबाय, सकाळच्या पारी तोंड असं का? साबिराने सांगितलं. सगळंच सांगितलं, मुसाचंसुद्धा. बाहेरच्या माणसाला सांगायला कधी कधी बरं पडतं.

इंदुबाईने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "सरक बघू."

ती आत बसली, आपला अनवाणी पाय त्या पेडलवर ठेवला आणि हळूहळू दाबला. परत दाबला.

"तळ लागला नाय गो."

जुहेब बॉनेटमागून म्हणाला की पेडल पूर्ण खाली जातं, त्याने स्वतः मोजलंय.

"तू मोजलंस, मी तुडवलंय. मिठागराचा तळ पायानं तुडवून घट्ट करतात, पोरा. मऊ कुठं लागतं नि दगड कुठं, ते पायाला कळतं. ह्याच्याखाली मऊ हाय." तिने वाकून हात घातला आणि ओढलं. चार घड्यांचा कुवेती वाघ हळूहळू बाहेर आला. पेडल त्याच्या पाठीवर टेकून थांबत होतं, गाडीच्या तळापर्यंत जातच नव्हतं. बुटातल्या पायाला ते कळणार कसं?

साबिराने किल्ली फिरवली, क्लच दाबला, तो आणखी चार बोटं खाली गेला. पहिला गियर पडला. आवाजसुद्धा नाही. तिला एकदम रडू आलं आणि हसूही, आणि तिने इंदुबाईचा मासळीचा वास येणारा हात धरून ठेवला.

ब्लँकेट कुणी अंथरलं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. जुहेबने मात्र डायरीत लिहिलं, 'गुन्हेगार अत्यंत हुशार. नाव गुप्त ठेवावं लागेल.'

परीक्षेत साबिराने आठचा आकडा काढला, चढावर गाडी थांबवली, मागे घसरू दिली नाही, आणि पास झाली.

गुरुवारी सकाळी ती गाडीपाशी आली तर जुहेब शेजारच्या सीटवर बसलेला. नवा सफारी सूट, अत्तर, दाढी कोरलेली. यंदा घरचीच गाडी म्हणून त्याने जीप आणि चौघा भाऊबंदांना परस्पर नको सांगितलं होतं. काय राहिलं का भाभी, असं त्याने विचारलं. साबिराने दार उघडलं, पण आत बसली नाही. ती नुसती पिशवी घेऊन उभी राहिली. जुहेबने पिशवीत पाहिलं. थर्मास होता, आणि कप दोन. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, परत कपांकडे पाहिलं. बराच वेळ लागला, पण आयुष्यात पहिल्यांदा त्याचा निष्कर्ष बरोबर आला.

"मला आज इकडं महत्त्वाचा तपास हाय," तो म्हणाला, उतरला, आणि फाटक उघडून उभा राहिला.

विमानतळावर मुसा ट्रॉली ढकलत बाहेर आला. मान उंच करून तो भावांना शोधत होता. साबिरा दिसली तेव्हा तो हसला, आणि मग तिच्या मागे पाहायला लागला. कोण कोण आलंय, जुहेब कुठाय, त्याने विचारलं. कुणी नाय, ती म्हणाली. सामान डिकीत गेलं. मुसाने सतरा वर्षांच्या सवयीने मागचं दार उघडलं.

साबिराने ते हलकेच लावलं.

"तुमी पुढं बसा," ती म्हणाली. "मला सगळं पहिल्यापासनं ऐकायचंय."