पास झालेली लेन्स

आख्ख्या मोताळा तालुक्यात फोटोत माझ्याइतका स्पष्ट येणारा माणूस दुसरा नाही. नाकातले केस मोजून घ्यावेत, असा येतो. (खरं सांगायचं तर असा माझा एकच फोटो आहे. तोही माझा नाही, दादाचा आहे. आणि त्यात मी जीभ बाहेर काढलेली आहे.)

एस.टी. स्टँडसमोर कय्यूमचा फोटो स्टुडिओ. कय्यूम आणि मी शाळेत एका बाकावरचे. तो पुढे गेला, मी सातवीला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा बसूनच राहिलो. चाळीस वर्षं त्यानं तालुक्यातली लग्नं आणि बारशी काढली. आता त्याला साखर आहे आणि ती डोळ्यांत उतरली आहे. हे त्यानं बायकोला, मुबीनाभाभीलाही सांगितलं नव्हतं. मला कळलं, कारण मागे एकदा त्यानं रस्त्याच्या पलीकडून मला ‘सलाम, तहसीलदारसाहेब’ म्हणून सलाम ठोकला. (मी सलाम घेतला. उगाच लोकांचे गैरसमज कशाला दूर करा.)

म्हणूनच त्यानं ती भारीतली लेन्स मागवली.

“हिले डोळे हायेत,” तो लेन्स पुसत म्हणाला. “माणसाच्या डोळ्यातली बाहुली बरोबर धरते. एकएक नग तपासून भायेर काढते कंपनी. हे पाह्य चिठ्ठी. पास.”

“कितवी पास?”

“तुह्यापेक्षा जास्त शिकेल हाय. फोकस झाला की टी-टीट वाजते. मी कान देतो अन् बोट दाबतो. बस.”

मग त्यानं समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढून दाखवला. टी-टीट. संकष्टी, अमावस्या, सगळं लख्ख. लेन्सच्या कमरेला एक इवलंसं बटण होतं, तेही दाखवलं. “हे इकडं असलं की आपोआप. तिकडं सरकवलं की हातानं फिरवा. तिकडं आपल्याले जाचंच नाही.”

अशी जागा मला कोणी दाखवू नये. तो चहा सांगायला दारात गेला आणि मी बटण तिकडं सरकवलं. दोन मिनिटं त्यानं शिव्या द्याव्यात, चहा गोड लागावा, एवढाच विचार. (माझे विचार नेहमी दोन मिनिटांचेच असतात. तिसऱ्या मिनिटाचं काम दुसऱ्याला करावं लागतं.)

चहा यायच्या आत माझी बायको पुष्पा धापा टाकत आली. “भासरे फोटोले हो म्हणाले. आत्ताच चाला, मन फिरन त्याहीचं.”

भासरे म्हणजे माझे थोरले भाऊ, नारायणराव. सरकारी कार्डापुरता सोडला तर त्यांनी बावन्न वर्षांत फोटो काढू दिला नव्हता. त्यांच्या लग्नात मी चौदा वर्षांचा होतो आणि लग्नाच्या एकुलत्या एका फोटोत त्यांच्या डोक्यामागे दोन बोटांचे गाढवाचे कान करून उभा होतो. फोटो पाहून दादांनी तो चुलीत घातला. आता बुलढाण्याच्या डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं होतं. डॉक्टर घरी न्या म्हणतात तेव्हा काय म्हणतात, ते घरात सगळ्यांना कळलं होतं. पंचफुलावहिनींनी एवढंच मागितलं, “मले भिंतीवर एक राहू द्या.”

अंगणात खुर्ची मांडली होती. दादांना धुतलेला सदरा घातला होता. त्यात दादा कमी आणि सदरा जास्त होता.

“एकच काढजो,” दादा कय्यूमला म्हणाले. “अन् शेष्याले मांगं नको उभा करू.”

“इथं कोणी नाही, दादा,” कय्यूम म्हणाला. त्याच्या परीनं ते खरंच होतं. मी दादांच्या तीन फूट मागे, भिंतीला टेकून उभा होतो.

मागून दादांची मान दिसत होती. त्या मानेवर बसून मी लहानपणी जत्रा पाहिली होती. आता ती मनगटाएवढी झाली होती. अशा वेळी लोक डोळे पुसतात. मला ते जमत नाही, मला कान करता येतात. मी कान केले. जीभही काढली, म्हणजे चेहऱ्याला दुसरं काही करायला जागा उरू नये.

कय्यूम कॅमेरा डोळ्याला लावून टी-टीटची वाट पाहत होता. बटण तिकडं, टी-टीट कुठून वाजणार. दादांना खोकल्याची उबळ यायला लागली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि थेट माझ्याकडे पाहत होत्या. आता मी एस.टी.चा हॉर्न काढतो, राघू काढतो, तहसीलदाराचा खोकला काढतो. टी-टीट म्हणजे काय मोठं.

मी तोंडानं टी-टीट केलं. कय्यूमनं बोट दाबलं.

“झकास,” तो म्हणाला. दादा उठून आत गेले.

संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी म्हटलं उद्या. उद्या आठवडी बाजार होता. चौथ्या दिवशी पहाटे दादा गेले.

फ्लेक्सच्या दुकानात करिष्मा नावाची पोरगी कॉम्प्युटरवर बसते. तिनं फोटो उघडला. खुर्चीत धुकं बसलं होतं. धुक्याला सदरा होता. आणि धुक्याच्या मागे मी. दोन कान, जीभ, जिभेवरचा पानाचा डाग, सगळं लख्ख. लेन्स कॅलेंडरच्या अंतरावर अडकली होती आणि मी नेमका त्याच अंतरावर होतो.

“काका, यात तुमचाच चेहरा क्लिअर आहे. तुमचा लावू का?”

“आत्ता नको,” पुष्पा म्हणाली. “पण सांभाळून ठेव, माय.”

आधार कार्डावर दादांचा फोटो होता, पण वहिनींनी तो हातात धरला आणि परत दिला. “यात ते अगोदरच गेल्यासारखे दिसतेत.” शेवटी धुकंच भिंतीवर लागलं. हार धुक्याला, पण भेटायला येणाऱ्याची नजर जायची माझ्याकडे. महिनाभर लोक माझ्या जिभेपुढे हात जोडत होते.

कय्यूमनं नाक टेकवून फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. “लेन्स खराब निघाली,” एवढंच म्हणाला आणि कंपनीला चिठ्ठी लिहून पार्सल बांधलं. कुरिअरला द्यायला माझ्याच हातात दिलं. मी वाटेत दोरी सोडली, बटण परत इकडं सरकवलं आणि दोरी बांधली. म्हटलं, मिटली भानगड. (मी भानगड मिटवली की ती जोमानं फुटते, हे मला सहासष्टाव्या वर्षी तरी कळायला हवं होतं.)

पंचविसाव्या दिवशी लेन्स परत आली. सोबत कागद, ‘सर्व तपासण्या पूर्ण, दोष नाही, फोकस अचूक.’ पुरावा म्हणून त्यांनी एका विटांच्या भिंतीचा फोटोही पाठवला होता. वीट न् वीट ओळखू येत होती.

दुसऱ्या दिवशी कय्यूम दादांच्या घरी आला. मी ओसरीवर बसलो होतो. त्यानं कॅमेऱ्याची बॅग वहिनींच्या समोर ठेवली.

“वहिनी, लेन्स चांगली निघाली. म्हणजे घात माह्या डोळ्यानं केला. दादाचा एकच फोटो होता अन् मी घालवला. मुबीनाले सगळं सांगून टाकलं. उद्या दुकानाची पाटी उतरवतो.”

“पाटी काऊन उतरवता, कय्यूमभाऊ? घरी बसून काय करसान?”

“काय करतो. बसतो अन् ऐकतो.”

शाळेपासून आजवर त्याच्या तोंडून असं मऊ बोलणं मी ऐकलं नव्हतं. शिव्याच द्यायचा तो. मला त्या शिव्या परत पाहिजे होत्या.

“कय्यूम,” मी म्हणालो, “बटण म्या सरकवलं होतं.”

तो माझ्या आवाजाकडे वळला. “कोणतं बटण?”

“लेन्सचं. तू चहा सांगाले गेला तवा. अन् पार्सलमधी वापस सरकवलं. तुह्या डोळ्याचं काही नाही यात.”

तो उठला, चाचपत माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला. “शेष्या, तू मले वाचवाले खोटं बोलून राह्यला. मले समजते. कान करणं येगळं. सख्ख्या भावाचा शेवटचा फोटोच घालवाची मस्करी कोणी करते का बे? इतका हरामखोर तू नाही.”

“आहो ना मी तितका.”

“नाही. टी-टीट वाजलं होतं. म्या सोता ऐकलं. डोळे गेले असतीन, कान नाही गेले.”

आता माझ्याजवळ एकच पुरावा उरला होता. दादा भिंतीवरून पाहत होते, म्हणजे पाहत असावेत. मी मान खाली घातली आणि तोंडानं केलं.

टी-टीट.

कय्यूमचं उजवं बोट माझ्या खांद्यावर आपोआप दाबलं गेलं.

ते बोट तसंच राहिलं. मग वहिनी उठल्या, फोटोवरचा हार सरळ केला, बॅग उचलून कय्यूमच्या हातात दिली.

“पाटी राहू द्या, कय्यूमभाऊ,” त्या म्हणाल्या. “तुमचं यंत्रबी पास अन् तुमीबी पास. खराब नग आमच्या घरचा हाय. तपासल्याबिगर भायेर पडेल हाय. बावन्न वर्षं झाली पाहून राह्यली मी, कोणतीच कंपनी त्याले वापस घेत नाही.”