गजभिये गाडी मागे घेत नाहीत

आमच्या भिलाईतल्या रिसालीच्या गल्लीत गजभिये राहतात आणि ते गाडी मागे घेत नाहीत. येत नाही असं नव्हे. ज्या माणसाने सगळी नोकरी प्लांटच्या छताशी लटकणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये काढली, लालभडक लोखंड उचलून सांगाल तिथे अलगद ठेवलं, त्याला एक जुनी पांढरी कार फाटकातून मागे काढता येणार नाही होय? पण घेत नाहीत. घराला चांगलं ऐसपैस अंगण आहे, अंगणात पत्र्याची शेड आहे, आणि कार मात्र रस्त्यावर, तोंड चौकाकडे करून उभी. बाजारातून परतताना घर चुकून दोन पावलं मागे राहिलं, तर पाण्याच्या टाकीला वळसा घालून, शाळेच्या मागून, अख्खी वसाहत फिरून पुन्हा घरासमोर येतील. मागे म्हणून घेणार नाहीत.

"कावून हो भाऊ?" मी एकदा विचारलं.

"सिग्नलमन नाई ना."

"मी उभा रायतो ना मागं. देतो हात."

गजभियेंनी मला डोक्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "तुमी? राहू द्या बोरकर बाबू. तुमी टाइम ऑफिसचे."

म्हणजे मी आयुष्यभर हजेऱ्या लावल्या, मला हात कसा हलवायचा ते काय कळणार! हे मला तेव्हा लागलं आणि खरं सांगायचं तर अजून लागलेलं आहे. शेजारी मी, भिंत आमची एक, त्यांच्या घरची भाजी आमच्याकडे आणि आमची त्यांच्याकडे. बाकी कुणाला मान मिळाला असता तर मी गप्प बसलो असतो. पण तो मान त्यांनी दुकालूला दिला होता, आणि दुकालूचं नाव काढलं की माझ्या पोटात आजही दुखतं.

ज्यांनी प्लांट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रेनचा ऑपरेटर वर केबिनमध्ये बसतो. खाली इतका आवाज की तोंडाजवळ कान नेला तरी शब्द कळत नाही. म्हणून खाली एक सिग्नलमन उभा असतो. तो हाताने सांगतो, वर घे, खाली सोड, हळू, बस. एका क्रेनला एकच सिग्नलमन. दुसऱ्या कुणी कितीही हात नाचवले तरी ऑपरेटरने तिकडे बघायचं नाही. फक्त 'थांब' हा इशारा कुणीही द्यावा, आणि कुणीही दिला तरी ऑपरेटरने थांबायचं.

गजभियेंचा सिग्नलमन दुकालू. मरोद्याकडच्या गावचा छत्तीसगढी माणूस, बारीक, काटक, आणि कमालीचा अबोल. ही दोघं एकमेकांचे मितान होते. इकडे मितान म्हणजे चारचौघांसमोर, नारळ देऊन-घेऊन जोडलेला जन्माचा मित्र. एकदा मितान झालं की एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. गजभिये त्याला "मितान" म्हणत, तो यांना "मितान" म्हणे. नोकरी संपल्यावर तर तेवढंही नाही. दोघं तासन्‌तास शेजारी बसून राहायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत.

माझ्याशी मात्र गजभियेंची टकळी अखंड चालू. आमच्या घरात शिरले की आधी वर बघणार आणि पंख्याखालची खुर्ची बाजूला ओढणार. "लोडच्या खाली बसू नये, बाबू." मे महिन्यात, भिलाईत, पंख्याखाली न बसणारा माणूस तुम्ही पाहिला आहे? ते घामाने निथळत कोपऱ्यात बसतात आणि बोलतात. नळाबद्दल बोलतात, नातीच्या शाळेबद्दल बोलतात, समोरच्या पांडेंच्या बाल्कनीतल्या कुंड्या कशा एक दिवस कुणाच्या तरी टाळक्यात पडणार याबद्दल बोलतात. माझी बायको म्हणते, किती जीव लावतात तुम्हाला. मला ते पटत नाही. ज्याच्याशी बोलावंच लागत नाही, तो जवळचा.

आमचं लोखंडी कपाट वरच्या खोलीत चढवायचं होतं तेव्हाची गोष्ट. कपाट माझं, जिना माझा, हमाल मी आणलेले. दुकालू सहज आला, जिन्याच्या वळणावर उभा राहिला आणि त्याने दोन बोटं हलवली. खालून गजभियेंनी कपाटाचा कोपरा इतकासा तिरका केला. दुकालूने तळवा खाली केला. कपाट सुळकन वर. हमालांना काही कळलं नाही, मलाही कळलं नाही. मी आपला पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याच घरात पाहुण्यासारखा उभा. जयंतीच्या मिरवणुकीचा सजवलेला ट्रक गल्लीतून मागे काढायचा असला तरी तेच. शंभर माणसं "आने दो, आने दो" ओरडत असायची, आणि ट्रकच्या स्टिअरिंगवर बसलेले गजभिये गर्दीत फक्त दुकालूचा हात शोधायचे.

मग मी काय करावं? मी शिकलो. चोरून शिकलो. न्हाणीघराच्या आरशासमोर उभा राहून वर, खाली, हळू, थांब. एक दिवस बायकोने दार ढकललं.

"कोनाले बोलावून राहिले?"

"कोनाले नाई."

"मंग थांबवून कोनाले राहिले?"

मी टॉवेल घेतला आणि बाहेर आलो.

मागच्या उन्हाळ्यात दुकालू गेला. झोपेतच गेला, कुणाला त्रास न देता. तोवर रोज सकाळी तो सायकलने यायचा, गल्लीत उभा राहायचा आणि हात दाखवून गजभियेंची कार अंगणातून मागे काढून द्यायचा. मग दोघं मिळून जायचे. तो गेल्यापासून कार रस्त्यावर आली. गजभिये रडले नाहीत. उलट जास्तच बोलायला लागले.

रोज सकाळी दोघं जायचे कुठे, तर मरोद्याच्या पुढे तलावाकाठी जंगलाचा तुकडा उरला आहे तिथे. त्या जंगलात एक मनोरंजन पार्क आहे. आकाशपाळणा, फिरत्या खुर्च्या, ड्रॅगनचं तोंड असलेली छोटी रेलगाडी, आणि मधूनमधून साजा, तेंदू, पळसाची झाडं. गजभिये आता एकटेच जातात. त्यांच्याकडे वर्षाचा पास आहे आणि ते आजवर एकाही पाळण्यात बसलेले नाहीत. आकाशपाळण्यापाशी उभे राहून तो चालवणाऱ्याच्या हाताकडे बघत राहतात. "झटका देते. मानसं बसली हाय ना त्याच्यात, भंगार हाय का?" त्यांना त्या माणसाच्या हातातल्या दांड्याचा हेवा वाटतो. ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटणं शक्य नाही.

मग ते आतल्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसतात. हे झाड दुकालूच्या घरचं. जमीन कधीच गेली, पार्क झालं, पण झाड त्याच्या आजोबांपासून त्यांचंच मानलं जातं. चैतात फुलं पडू लागली की फाटक उघडायच्या आधी दुकालूच्या घरच्यांना वेचायला पार्कवाले आत सोडतात. याच झाडाखाली ही दोघं मितान झाली. जो माणूस पंख्याखाली बसत नाही, तो एवढ्या फांद्यांच्या पसाऱ्याखाली डोळे मिटून बसतो. मी सोबत गेलो की मलाही बसवतात, पण दुसऱ्या बाजूला. एक मूळ जमिनीतून पाटासारखं वर आलं आहे, ती दुकालूची जागा. ती रिकामी.

हिवाळ्यात बातमी आली की पार्क वाढणार. झाडांच्या मधून धावणारा मोठा रोलर कोस्टर येणार. पार्कच्या मॅनेजर मॅडमनी सकाळी फिरायला येणाऱ्यांना बोलावून घेतलं. मॅडम तरुण, दुर्गच्या, वागायला सरळ. तिथे लगेच दोन तट पडले. एक म्हणे, एक पान तोडलं तर उपोषणाला बसू. दुसरे म्हणे, झाडं काय पुन्हा लावता येतात, पोरांना काम मिळू द्या. गजभिये उठले.

"झुला बी पायजे, झाड बी पायजे. माही नात झुल्यात बसन, मी झाडाखाली बसन."

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. "अंकल, हम भी यही चाहते हैं. लोग यहाँ जंगल देखकर ही आते हैं." त्यांनी नकाशा उघडला. निलगिरी जाणार होती, थोडे सागवान जाणार होते. मोहाला वाचवायला रूळ आधीच जरा वाकवला होता. पण त्याच्या शेजारचा एक खांब क्रेनने झाडावरून नेऊन उतरवावा लागणार होता. "पेड़ को छुए बिना उतर गया तो पेड़ रहेगा. नहीं उतरा तो पेड़ हटाकर उतारेंगे. मेरे ऊपर भी लोग हैं, अंकल."

त्या दिवशी परतताना गजभिये घरापर्यंत बोलत होते. खांबाचं वजन, तलावाकडचा वारा, दोराचा पीळ. मी हूं हूं करत होतो. त्यांचा आवाज अधूनमधून कापत होता. माझ्यासाठी कधी कापला असता का, असं माझ्या मनात आलंच.

हथखोजच्या कारखान्यात तयार झालेला खांब ट्रेलरवर आला. तलावाच्या बाजूला मोठी क्रेन लागली. आम्हाला दोरीच्या अलीकडे उभं केलं. गजभियेंनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

"मी हात काढनार नाई, बाबू. एका क्रेनले एकच सिग्नलमन."

खांब उचलला गेला. हळूहळू झाडाच्या वर आला. त्यांचा सिग्नलमन पलीकडे खड्ड्यापाशी उभा होता आणि काम नीट करत होता. पण आमच्या बाजूला एक जाड फांदी बाहेर आलेली होती, ती त्याला तिथून दिसणं शक्यच नव्हतं. खांब खाली येऊ लागला. तलावावरून वारा आला. खांबाचं खालचं टोक फिरलं आणि सरळ फांदीकडे निघालं.

आता हे ओरडणार, म्हणून मी गजभियेंकडे पाहिलं. ते खांबाकडे बघतच नव्हते. मान खाली झुकवून, केबिनमधून बघावं तसं, झाडाच्या बुंध्याशी त्या पाटासारख्या मुळाकडे बघत होते. खिशातल्या मुठी लिव्हर धरल्यासारख्या घट्ट. खांब फांदीवर चालला होता आणि हा माणूस हाताची वाट बघत होता. त्या मुळापाशी कुणीच नव्हतं.

मला इतकं वाईट वाटलं की हेवा वगैरे कुठल्या कुठे गेला. मी दोरीखालून आत शिरलो, झाडासमोर उभा राहिलो आणि दोन्ही हात आडवे पसरले. तळवे खाली. थांब.

क्रेन थांबली. खांब फांदीपासून हातभर अंतरावर लोंबकळत राहिला.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. कोण हा म्हातारा, याला बाहेर काढा, मॅडम धावत आल्या. त्यांचा सिग्नलमन शिव्या देत वळसा घालून आमच्या बाजूला आला, त्याने फांदी पाहिली. पुढचं काम त्याने आमच्या बाजूला उभं राहूनच केलं. खांब वळला, सरकला, फांदीला न लागता खाली गेला आणि जागेवर बसला. मॅडमनी गजभियेंकडे बघून मान हलवली. झाड राहिलं.

मी कौतुकाची वाट बघत होतो. का बघू नये? गजभिये जवळ आले.

"कोपर वाकलं होतं तुमचं."

"अहो, पन थांबली ना!"

"थांबली. पन वाकलं होतं. मितानचं कदी वाकलं नाई."

सगळं आवरलं, लोक पांगले, तेव्हा ते मोहाखाली आपल्या जागी जाऊन बसले. मी मूळ सोडून पलीकडे बसलो. पहिल्यांदाच मला मनापासून वाटलं, दुकालू आज असायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत बाहेर आलो तर रस्त्यावर कार नाही. चोरीला गेली की काय म्हणून भिंतीवरून डोकावलो. कार अंगणात, शेडखाली, तोंड भिंतीकडे करून उभी होती. आत गजभिये. इंजिन चालू. हॉर्न नाही, हाक नाही. ते समोरच्या छोट्या आरशात बघत होते.

मी तोंडातला फेस थुंकला, ब्रश बनियनमध्ये खोचला आणि गल्लीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. कोपर ताठ केलं. ये. ये. हळू. कार फाटकातून तसूतसूने मागे आली. डावीकडे जरा. हळू. मी तळवा खाली केला. कार थांबली. समोरच्या बाल्कनीतून पांडे कुंड्यांना पाणी घालायचं विसरून आमच्याकडे बघत होते. बघू देत.

आता काच खाली होईल आणि कोपराबद्दल काहीतरी ऐकावं लागेल, म्हणून मी तयारीत राहिलो. गजभियेंनी आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं, गाडी वळवली आणि चौकाकडे निघून गेले.

"काई बोलले का?" बायकोने दारातून विचारलं.

"एक शब्द नाई," मी म्हटलं, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच हसत उभा राहिलो.